शिंगाचं रोगण आन् मोटारीची नळी

बब्रुवान, तू हसू नको. हसायचंच असंल तर आधी समदं ऐकून घे, मंग पोट धरून हस. तू त्या सोमवारी सास्तूरला नव्हतास, म्या होतो. आन् तुमी समदे जे ऐकून आलाय ना, की म्या, ह्या उत्तरेश्वरनं, कल्याणप्पांची मोटार जाळली, ते खोटं हाय. जळाली न्हाय. धूर निघाला, बास.

तर पहिल्यापासनं सांगतो. कल्याणप्पा अडतीवाल्यांची ती उघडी मोटार तुमाला ठावीच हाय, अणदुरात दुसरी हायच कुठं. सतरा-अठरा वर्सांची म्हातारी. पर दादामियाँ चाचांनी तिला अशी राखलीया की तिच्या पितळी दिव्यात बघून मिशी कातरून घ्यावी. मोटार आली त्या दिवसापासनं चाचाच तिचे डायव्हर. चाचांना शेत न्हाय, दुकान न्हाय. ती मोटार चालती तवर चाचांची चूल पेटती, एवढं साधं हाय ते.

आन् गेल्या दिवाळीला त्या मोटारीची धुराची नळी गेली. सायलेन्सर म्हणत्यात तिला. इंजनाचा धूर मागं न्हेऊन सोडती, आन् मधी एक ढोल असतो आवाज दाबायला. ती गंजून पार चाळण झाली. मोटार चालू केली की खंडोबाच्या देवळातली कबुतरं उडायची. चाचांनी सोलापुरात चवकशी केली तर दुकानदार म्हणला, लढाई चालू हाय, इलायतेचं जहाज येतंय का न्हाय तेच ठाव न्हाय, तुमी नळीचं काय घिऊन बसलाय. मंग चाचांनी तिथल्याच एका लोहाराला धरलं, गिरणीतला जुना नळ कापून घेतला, ढोल ठोकून घेतला, आन् डोक्यावर घिऊन आले. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हंजे हद्दीत माल आनताना जकात घेत्यात तिथं, शिपायानं इचारलं, हे काय न्हेतोस? चाचा म्हणले, मोटारीची आतडी हाय साहेब, हिच्यावर कसली पट्टी लावता? शिपाई हसला आन् सोडलं त्यानं.

पर लोहारानं कवा मोटार बघितलेली नव्हती. नळी झाली जाड. पोटाखालच्या जुन्या जागी बसंच ना. चाचांनी दोन दिवस खाली पाठीवर पडून काढले, शेवटाला ती नळी कुशीनं घेतली. म्हंजे मोटारीत चढताना पाय ठेवायची फळी असती ना, तिच्या खालनं, बाहेरच्या अंगाला, पट्ट्यांनी आवळून. आवाज बंद. गाडी लोण्यावानी चालायली. फकस्त नळी दिसायची. साडेचार हात लांब, तांबारलेली, ठिगळाची. मोटारीकडं बघितलं की आधी नळीच दिसायची, मंग मोटार.

आता त्यावर कुनी काय म्हणलं नसतं. पर शिवप्पाचं लग्न ठरलं. कल्याणप्पांचा थोरला शिवप्पा, आन् पोरगी सास्तूरच्या बसप्पांची. बसप्पा कसा मानूस हाय सांगतो. बैल घेताना दुसरी मानसं दात बघत्यात. ह्यो दात बघतो, खूर बघतो, शेपूट उचलून बघतो, आन् मंग इकणाराच्या घरी जाऊन गोठा बघतो. सुपारी फुटली तवा त्यानं मांडवात चारचौघांत सांगितलं, नवरदेव मोटारीतनं यावा, आमच्या गावात अजून कुनी आला न्हाय. पर मोटार धड असावी अप्पा, दारात खटारा उभा ऱ्हायला तर भावकी वर्सभर बोलती. आन् कल्याणप्पा बोलून बसले, नवी कोरी दिसती मोटार, येऊन बघा.

घरी आले आन् नळी बघितली.

"दादामियाँ," म्हणले, "हे मोरीचं नळकांडं झाकायचं काय तरी बघ."

चाचा म्हणले, "झाकलं तर पेटंल अप्पा. तापती ती."

आन् तिथं म्या होतो. अडतीच्या दाराला रंग देत होतो. म्याच म्हणलं, बब्रुवान, कुनी इचारलं नव्हतं, म्याच तोंड उघडलं. म्हणलं, "अप्पा, रंगवून देतो की. अशी रंगवतो की लोक म्हणतील इलायतेहून रंगवूनच आली."

कल्याणप्पा खूस. ते आत गेले आन् चाचांनी माझ्याकडं बघितलं.

"पोरा, तापल्या लोखंडावर रंग ऱ्हात न्हाय."

"चाचा, माझं रोगण साधं न्हाय. पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावतो, पुढच्या पोळ्यापतुर टिकतंय. ऊन खातंय, पाऊस खातंय."

"हौ. पर बैलाचं शिंग तापत न्हाय ना, बाबा."

म्या ऐकलं न्हाय. खरं सांगतो, मला ते ऐकूच आलं न्हाय. माझ्या डोळ्यापुढं नळी रंगलेली होती. तुमी माझं काम बघितलंय. बैलगाडीची साटी असू दे, टांगा असू दे, आमच्या घरची एकच रीत. पहिला हात खडू आन् सरसाचा, लाकडाची भोकं बुजवायला. तो वाळला की घासायचा, मंग त्याच्यावर रंग, मंग राळ आन् जवसाच्या तेलाचं रोगण. आज्यापासनं असंच चालत आलंय. तसंच म्या केलं. लोखंडाला भोकं नसत्यात हे मला कळायला पायजे होतं का? व्हय, पायजे होतं. पर हाताला सवय असती ना. नळी तांबडी केली, पिवळे पट्टे मारले, आन् ढोलावर हिरवा येल काढला, पानं-फुलं समदं. कल्याणप्पांच्या घरनं बायका बघायला आल्या. कमलबाई, म्हंजे शिवप्पाची आई, त्या बी म्हणल्या, हात गोड हाय रे तुझा. म्या दोन दिवस छाती काढून हिंडत होतो.

मंग कल्याणप्पा नळदुर्गाला पाव्हण्यांना आवतण द्यायला गेले. मोटारीतनं, नवं धोतर नेसून. म्या मागं बसलो, माझं काम लोक कसं बघत्यात ते बघायला. जाताना अर्ध्या वाटंपतुर काय न्हाय. पुढं जरा वास आला.  नळदुर्गाच्या बाजारात गाडी थांबली, कल्याणप्पा फळीवर पाय ठिवून उतरले, आन् खालनं कवड्या पडाव्यात तसा रंग पडला. खडू फुगून तडकला होता आन् वरचा रंग त्याच्यासंगट खपल्या धरून सुटला. गाडी चालत होती तवा वाऱ्यानं बारीक तुकडे वर येत होते, ते समदे अप्पांच्या धोतरावर. तांबडे, पिवळे, हिरवे. तिथल्या एका किराणावाल्यानं इचारलं, "काय कल्याणप्पा, रंगपंचमी यायला अजून अवकाश हाय की."

कल्याणप्पांनी धोतर झटकलं. आवतणं दिली, परत आले, आन् उतरताना चाचांना म्हणले, "सोमवारच्या आत निट कर."

तो दिवस रईवार. वऱ्हाड निघायला आठ दिवस होते.

म्या चाचांना म्हणलं, चूक कळली. खडूचा हात लोखंडावर नको होता. नुसतं शिंगाचं रोगण लावू, तीन हात, आन् चांगलं वाळू देऊ. चाचांनी मान हलवली न्हाय, नको बी म्हणले न्हाईत. नळी खरवडून दिली. म्या तीन हात दिले. येल काढला न्हाय, सरळ तांबडं. तीन दिवस उन्हात वाळवली. नख लावून बघितलं, टणक. मला वाटलं, जमलं.

गुरवारी चाचा म्हणले, खंडोबापतुर जाऊन येऊ, जास्त नको. कारण पेट्रोलचं तुमाला ठाव हाय, कूपनाशिवाय थेंब मिळत न्हाय, आन् चाचांनी तीन महिने साठवून सास्तूरला जाऊन येण्यापुरतं डब्यात ठेवलं होतं. खंडोबापतुर गेलो आन् परत फिरलो तवर रोगणाला फोड आले. पापड निखाऱ्यावर टाकल्यावर कसा येतो, तस्सा. आन् राळ जळायली. असा वास, की अडतीवरची हमालं नाकाला उपरणं लावून बाहेर आली. चाचांनी अडतीपुढं गाडी थांबवली आन् कल्याणप्पा दारात उभे.

ते पायऱ्या उतरून आले. वाकून नळी बघितली. एक फोड बोटानं दाबला, तो फुटला. मंग उभे ऱ्हायले आन् हळू आवाजात बोलले. वरडले असते तर बरं झालं असतं.

"दादामियाँ, म्या बसप्पाला शब्द दिलाय. त्याच्या दारात ही नळी अशी गेली तर माझी मान खाली जाईल. सोमवारी सकाळी नळी निट दिसली तर मोटार जाईल. न्हाय तर शिवप्पा छकड्यातनं जाईल, आन् लग्न झाल्यावर ही मोटार म्या सोलापुरात इकून टाकणार. लई झाली तिची मरम्मत. मोटार न्हाय तर डायव्हरचं काय काम, तूच सांग."

"जी," चाचा म्हणले.

एवढंच. रंग कुनाचा, कुनी लावला, कुनी नको म्हणलं होतं, एक अक्षर न्हाय. आन् म्या चाकाच्या पलीकडं उभा होतो, हातात रोगणाचा डबा घिऊन. मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंच न्हाय. पहिल्या दिवशी नको तवा उघडलं होतं, आन् आता पायजे तवा बंद. कल्याणप्पा आत गेले. चाचांनी मला काय म्हणलं ठाव हाय? म्हणले, "जा घरी, जेवून घे."

म्या जेवलो न्हाय. आईनं इचारलं तर म्हणलं पोट दुखतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या चाचांच्या घरी गेलो. अंगणात नळी सोडवून ठेवलेली, आन् चाचा इटंच्या तुकड्यानं ती घासत बसलेले. सायराबी चाची चुलीपुढं भाकरी थापत होत्या. म्या चाचांच्या शेजारी बसलो, दुसरा तुकडा घेतला आन् घासायला लागलो. म्हणलं, "चाचा, म्या अप्पांना जाऊन सांगतो. माझी चूक हाय."

"सांगून नळी निट होते का?"

"न्हाय."

"मंग घास."

घासत ऱ्हायलो. मधीच म्या म्हणलं, डांबर लावलं तर? चाचा म्हणले, पेटंल. म्हणलं, चुना? म्हणले, मशीद हाय का ती? तवर चाचींनी तव्यावरची भाकरी उलटली आन् तिथनंच बोलल्या.

"दोघं बी बारा दिवस झाले त्या लोखंडाला रंग लावताय. माझ्या तव्याला कुनी रंग लावलाय का रे?"

चाचांचा हात थांबला.

"रोज इस्तवावर असतो," चाची म्हणल्या. "माझ्या लग्नातला हाय. गंज बगा, हाय का? खपली निघती का?"

तवा काळाभोर. आरशावानी न्हाय, पर असा मऊ चमकणारा. भिजल्या काळ्या रानावर सकाळचं ऊन पडतं तसा.

म्या इचारलं, "चाची, काय लावता?"

"करडीचं तेल. आन् काय लावणार? नवा तवा आनला की घासायचा, तापवायचा, तेल द्यायचं, परत तापवायचा. तुझी आई करत न्हाय का?"

आई करतीच की. म्या जलमापासनं बघतोय. माझ्या घरात जवसाच्या तेलाची घागर हाय, रोज त्यात हात असतो माझा, आन् मला ते दिसलं न्हाय. चाचांनी माझ्याकडं बघितलं, म्या चाचांकडं. चाचा एवढंच म्हणले, "तवा साडेचार हात लांब नसतो." चाची म्हणल्या, "मंग चूल लांब करा."

केली. अंगणात चर खणला, नळीएवढा लांब. आधी तुराट्या टाकून जाळ केला, जुना रंग जाळून टाकला. मंग पांढऱ्या लोखंडापतुर घासली, वाळूनं, इटंनं, राखंनं. माझी नखं गेली. शुक्रवार त्यातच गेला. चाचा दुपारी नमाजला गेले तेवढाच त्यांचा हात थांबला. शनवारी सकाळी गवऱ्या रचल्या, कारण तुराटी भपकन पेटती आन् भपकन इझती, गवरी सारखी आच देती. नळी गरम झाली. चाचींनी करडीच्या तेलाची वाटी आन् जुन्या लुगड्याचं फडकं माझ्या हातात दिलं.

आता बघा, माझी अक्कल. वाटीभर तेल वतलं. हात कसा भरून द्यायचा हे मला शिकवलंय ना, रंग म्हणलं की भरून. नळी अशी चकाकली की म्या म्हणलं, झालं काम. तापत ठेवली. तासाभरानं बघतो तर तेलाचा डिंक झालेला. चिकट. जागोजागी ओघळ वाळलेले, आन् गवरीची राख उडून त्याच्यावर बसलेली. केस चिकटावेत डोक्याला तशी. बोट लावलं तर बोट निघंना.

चाचींनी कपाळावर हात मारून घेतला न्हाय, रागावल्या न्हाईत. जवळ आल्या, फडकं घेतलं आन् म्हणल्या, "पोरा, तुझा हात देऊन देऊन बिघडलाय. लावायचं, आन् मंग समदं पुसून टाकायचं. पुसून झाल्यावर तुला वाटलं पायजे की काय लावलंच न्हाय. जे उरतं तेवढंच बसतं."

"मंग लावायचं कशाला?"

"मंग पुसणार काय?"

 परत घासली. समदी. शनवारची अर्धी दुपार त्यात गेली. मंग चाचींच्या सांगण्यापरमानं केलं. एक फडकं तेलाचं, एक कोरडं. लावलं, पुसलं, पुन्यांदा पुसलं. चाची मधी मधी येऊन बोट फिरवायच्या, "अजून पूस." मला जिवावर यायचं, बब्रुवान. रंगाऱ्याला हात दिलेलं पुसून काढायचं म्हंजे काय असतं ते तुला न्हाय कळायचं. पहिल्या आचंला नळी गुळावानी पिवळी झाली. म्या म्हणलं, हे काय, काळी कुठं झाली. चाची म्हणल्या, तवा एका दिवसात काळा झाला होता का. दुसऱ्या आचंला तपकिरी. शनवारी तीन हात, रईवारी चार. सातव्याला काळी. पर रंगावानी वरनं बसलेली काळी न्हाय, लोखंडच तसं असल्यावानी. म्या नख लावलं. इळ्याचं टोक लावलं. खपली निघायला काय नव्हतंच तिथं.

रईवारी सांजच्याला नळी परत जागेवर आवळली. म्या म्हणलं, चाचा, एकदा वेशीपतुर तरी जाऊन येऊ. चाचांनी पेट्रोलचा डबा उचलून हलवला. म्हणले, "सास्तूरला जायचं का वेशीला, एकच सांग." गाडीला लावून बघायची सोयच नव्हती. वाटंत काय होईल ते होईल.

सोमवारी सकाळी कल्याणप्पांच्या दारात समदं वऱ्हाड. गाड्या जुंपलेल्या, वाजंत्री, शिवप्पा बाशिंग बांधून. मोटारीला झेंडूच्या माळा. चाचांनी कडक अचकन घातली होती, ती पोटावर बसत नव्हती म्हणून श्वास धरून उभे. कल्याणप्पा आले. सरळ नळीकडं.

बघत ऱ्हायले. म्हणले, "रंग न्हाय दिला?"

"दिला न्हाय अप्पा," चाचा म्हणले. "आता लागणार न्हाय."

"काळी? लग्नाच्या गाडीला काळी नळी?"

लोक गोळा झाले. एक म्हातारा पाव्हणा म्हणला, काळं नको, अपशकुन हाय. दुसरा म्हणला, वरनं कुंकू माखा. कल्याणप्पांचं तोंड उतरलं. चाचांकडं वळले आन् म्हणले, "दादामियाँ, एक काम सांगितलं होतं तुला."

तवा म्या पुढं झालो. कसा झालो ठाव न्हाय. म्हणलं, "अप्पा, आधीचे दोन्ही रंग म्या लावले होते. चाचांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तापल्या लोखंडावर रंग ऱ्हात न्हाय. म्या ऐकलं न्हाय. गुरवारी तुमी चाचांना बोललात तवा म्या चाकामागं उभा होतो, भ्यालो, बोललो न्हाय. ही काळी नळी तव्यावानी केलीया. सायराबी चाचींनी शिकवलं. निघायची न्हाय."

कल्याणप्पा माझ्याकडं वळले. "आन् निघाली तर?"

"तर माझा बुरूस परत तुमच्या दारात येणार न्हाय."

"तुझ्या बुरसाचं म्या काय करू," ते म्हणले. "काळं हाय ते, त्याचं सांग."

 तवा कमलबाई बोलल्या. त्या पायरीवर उभ्या होत्या, आरतीचं ताट घिऊन. आवाज चढवला न्हाय, सहज म्हणल्या, "अवो, माझ्या गळ्यातले मणी कुठल्या रंगाचे हायेत?"

 तो म्हातारा पाव्हणा दुसरीकडं बघायला लागला. कमलबाई खाली आल्या, मोटारीच्या तोंडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आन् शिवप्पाला म्हणल्या, बस.

बसलो. पुढं चाचा आन् कल्याणप्पा, मागं शिवप्पा, त्याचा मामा, आन् कडंला म्या. का, तर कल्याणप्पा म्हणले, ह्याला घ्या, काय झालं तर नळी ह्याच्याच हातानं सोडवून घेतो. माझ्या पायाशी ओलं पोतं ठेवलं होतं.

अणदूर सोडलं आन् दीड-दोन मैलांवर वास सुटला. म्या पोतं घट्ट धरलं. नळीतनं निळा धूर, बारीक, शेपटीवानी. तेलाचा वास. कल्याणप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, म्या रानाकडं बघितलं. शिवप्पा बाशिंगाआडनं म्हणला, "भजी कुठं तळायलीत रे?"

चाचा समोर बघूनच म्हणले, "तुमच्याच लग्नाची हायेत नवरदेव. जरा दम धरा."

मामा हसला. शिवप्पा हसला. कल्याणप्पा हसले न्हाईत. आन् ध्यानात घ्या, मलाच ठाव नव्हतं की हे वरचं तेल जळतंय, का समदंच निघून चाललंय. पुसून पुसून बी कुठं तरी जास्त ऱ्हायलं असणार. नळदुर्ग आलं, किल्ल्याखालनं गेलो, धूर होताच. जळकोटापाशी बघतो तर धूर न्हाय. वास बी न्हाय. म्या चालत्या गाडीतनं वाकून बघितलं, मामानं माझी कमर धरली. नळी काळीच होती. इंजनाजवळ वीतभर मातूर करडी पडली होती, तिथं आच लई असती. पर ते पत्र्याच्या आड जातं, वाकल्याशिवाय दिसत न्हाय. म्या चाचांना सांगितलं न्हाय. सास्तूर आल्यावर सांगू म्हणलं.

पुढं लोहारा गावाची कच्ची वाट, फुफाटा, दोनदा उतरून ढकलली. सास्तूरच्या वेशीत पोरं पळत आली, मोटारीसंगट पळत ऱ्हायली. बसप्पा दारात उभा. पाहुण्यांना रामराम, शिवप्पाला ओवाळणं झालं, नवरदेव उतरला. आन् बसप्पा मोटारीला फेरी घालायला लागला. म्या म्हणलं, आता बघतो ह्यो. पितळेचे दिवे बघितले. चाकं बघितली, आऱ्यांवर टिचक्या मारल्या. आमी समदे उन्हात उभे. कल्याणप्पा माझ्याच शेजारी होते, त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. बसप्पा फळीपाशी आला, वाकला, आन् नळीकडं बघत ऱ्हायला. मंग तिच्यावर नखानं ओरखडा मारला. गरम होती, हात झटकला त्यानं. परत वाकला.

"ही नळी," म्हणला, "कंपनीतनंच आलीया वाटतं."

कल्याणप्पा काय बोलणार म्हणून म्या बघत होतो. खोटं बोलतील का खरं. त्यांनी घसा खाकरला. म्हणले, "न्हाय. आमच्या दादामियाँनी बसवलीया. कंपनीची ह्याच्यापुढं टिकली न्हाय."

बसप्पानं चाचांकडं बघितलं. "मिस्तरी चांगला हाय तुमचा," म्हणला, आन् मांडवाकडं वळला. बास, एवढंच. पुढं दिवसभर त्या नळीकडं कुनी बघितलंसुदिक न्हाय. लोक दिव्याकडं बघत होते, गादीकडं बघत होते, पोरं भोंगा दाबत होती. म्या तीनदा तिच्याजवळ जाऊन उभा ऱ्हायलो, कुनी इचारंल म्हणून. न्हाय इचारलं. माझ्या हातचं आतापतुरचं समद्यात चांगलं काम, आन् ते दिसतच न्हाय कुनाला. त्या हिरव्या येलाला गाव लोटलं होतं.

जेवताना चाचांना ती करड्या वितीची गोष्ट सांगितली. ते म्हणले, "ठाव हाय. महिन्याला एकदा तेल द्यावं लागणार तिथं." म्या म्हणलं, महिन्याला? म्हणले, "तवा हाय ना तो. तव्याला सोडून देत्यात का?"

मंगळवारी परत आलो. मोटारीत आता शिवप्पा आन् नवी नवरी, म्या मागनं बैलगाडीतनं, कारण जागा न्हाय. आमी पोचलो तवर अणदुरात सांज झाली होती. मोटार अडतीपुढं उभी होती, माळा सुकलेल्या, अंगावर धूळ. चाचा फडक्यानं दिवे पुसत होते. अचकन काढून ठेवली होती, बनियनवर. कल्याणप्पा पायरीवर बसून पानाला चुना लावत होते. म्या तिथंच थांबलो, बाजूला. इकायची गोष्ट ते काढत्यात का, ते मला ऐकायचं होतं.

कल्याणप्पांनी पान तोंडात टाकलं. जरा चघळलं. मंग म्हणले, "दादामियाँ, सुक्रवारी जोडप्याला तुळजापूरला न्यायचं, भवानीला. कूपनं किती ऱ्हायलीत बघ. न्हायतर आजच चिठ्ठी देतो, उद्या तहसिलीत जाऊन घिऊन ये. पुढच्या महिन्यात बी दोन खेपा हायेत, त्याचं बी आताच माग."

"जी," चाचा म्हणले, आन् डबा उचलून किती पेट्रोल उरलंय ते बघायला लागले.